नव्या फोनवर डेटा अडकतो, अर्धा येतो किंवा येतच नाही: क्रमाने काय तपासायचे

लक्षणे

- डेटा जाताना आकडा मधेच, बहुतेक वेळा ९९ टक्क्यांवर थांबतो आणि तासभर हलत नाही.
- दोन फोन एकमेकांना सापडत नाहीत. क्यूआर कोड स्कॅन होतो, पण पुढे नुसते ‘जोडत आहे’ फिरत राहते.
- ‘पूर्ण झाले’ असे दिसते, पण नंबर निम्मेच आलेले असतात.
- कॅमेऱ्याचे फोटो येतात, व्हॉट्सअ‍ॅपमधले आणि स्क्रीनशॉट येत नाहीत. किंवा फोटो दिसतात, पण उघडल्यावर धूसर राहतात.
- अ‍ॅप सगळी येतात, उघडली की रिकामी.
- व्हॉट्सअ‍ॅप म्हणते, बॅकअप सापडला नाही.
- बँकेचे अ‍ॅप किंवा ओटीपी बनवणारे अ‍ॅप नव्या फोनवर तुम्हाला ओळखतच नाही.

घरातल्यांचे, मित्रांचे, कामाच्या ठिकाणच्या लोकांचे फोन बदलून देताना हीच लक्षणे फिरून फिरून समोर येतात. यातल्या बहुतेक वेळा डेटा पाठवणारे अ‍ॅप बिघडलेले नसते. आपण जो डेटा फोनमध्ये आहे असे समजत असतो तो वेगवेगळ्या ठिकाणी राहत असतो: थोडा सिमवर, थोडा फोनच्या साठवणीत, थोडा गूगल किंवा अ‍ॅपलच्या खात्यात, थोडा त्या त्या अ‍ॅपच्या कंपनीकडे. पाठवणारे अ‍ॅप यातल्या एखाद्या ठिकाणापर्यंत पोचतच नाही, आणि पडदा मात्र ‘पूर्ण झाले’ म्हणतो. म्हणून खालच्या तपासण्यांत पुन्हा पुन्हा तोच प्रश्न येईल: ही गोष्ट नेमकी राहते कुठे?

कशालाही हात लावण्याआधी

जुना फोन रीसेट करू नका (म्हणजे सगळे पुसून कोरा करू नका), विकू नका, बदल्यात देऊ नका. गेल्या काही वर्षांतल्या जवळजवळ सगळ्या फोनांत साठवलेला डेटा एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारा, असतो आणि रीसेट करताना तो उघडणारी किल्लीच नष्ट होते. त्यानंतर कुठलेही ‘रिकव्हरी’ अ‍ॅप काही परत आणू शकत नाही, कितीही मोठा दावा केला तरी. जुना फोन शाबूत असेल तर पुढची प्रत्येक चूक दुरुस्त होऊ शकते.

नव्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप रिकामे उघडले असेल, तर त्यातला आपोआप होणारा चॅट बॅकअप आत्ताच बंद करा. तो चालू राहिला तर त्या रिकाम्या व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप त्याच खात्यातल्या जुन्या बॅकअपच्या जागी जाऊन बसतो. बाकी सगळे सावकाश केले तरी चालेल, हे एवढे लगेच करा.

आणि एक आग्रह. ज्याचा फोन आहे त्याला आधी विचारा, यातले काय गेले तर परत मिळणारच नाही? लहान मुलांचे व्हिडिओ, हयात नसलेल्या माणसाचे व्हॉइस मेसेज, कुठेही उतरवून न ठेवलेले नंबर. एवढ्या गोष्टी केबलने संगणकावर किंवा पेनड्राइव्हवर आधी उतरवून घ्या. मग बाकीचे काम करताना हात कापत नाहीत.

खरोखर आले नाही, की अजून येते आहे?

ही तपासणी फुकट आहे आणि बऱ्याच जणांचा प्रश्न इथेच सुटतो. ‘पूर्ण झाले’ दिसल्यानंतरही नवा फोन मागे कित्येक तास काम करत असतो. अ‍ॅप स्टोअरमधून एकेक करून उतरतात, खात्यातले फोटो हळूहळू येतात, जुने मेसेज मागाहून दिसतात. फोन चार्जिंगला आणि वायफायवर ठेवून रात्र जाऊ द्या. आयफोनवर आयक्लाउडमधून (अ‍ॅपलच्या ऑनलाइन साठवणीतून) सगळे उतरायला मोठा फोटोसंग्रह असेल तर काही दिवसही लागतात.

मग खाते पाहा. नव्या फोनवर जे खाते घातले आहे तेच जुन्या फोनवर होते का? अनेकांची दोन-तीन गूगल खाती असतात: एक स्वतःचे, एक कामाचे, एक कधीतरी कुणीतरी काढून दिलेले. जुन्या फोनच्या सेटिंग्जमध्ये खात्यांची यादी उघडा आणि तिथे दिसणारे प्रत्येक खाते नव्या फोनवर घाला. लॉगिनच होत नसेल तर फोनची तारीख आणि वेळ तपासा. घड्याळ चुकलेले असेल तर सुरक्षित जोडणी नाकारली जाते आणि चूक भलतीच दाखवली जाते.

नंबर अर्धे आले असतील तर

जुन्या फोनवर नंबर तीन ठिकाणी असू शकतात: सिमवर, फोनच्या स्वतःच्या साठवणीत, खात्यात. खात्यातले आपोआप येतात. फोनमधले येतील याची खात्री नाही. सिमवरचे सिम घातल्यावरच दिसतात, तेही आयात केल्यानंतर. साध्या सिमवर साधारण २५० नोंदी मावतात आणि नाव लांब असेल तर ते तुटते, त्यामुळे ‘नावे अर्धवट आहेत’ अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा सिमच पाहतो.

क्रम असा ठेवा. नव्या फोनच्या कॉन्टॅक्ट अ‍ॅपमध्ये कोणते नंबर दाखवायचे याचा पर्याय असतो, तो ‘सर्व’ वर आहे का ते बघा. कधी कधी सगळे आलेले असते आणि यादी फक्त एकाच खात्याची दिसत असते. तरीही कमी असतील तर जुन्या फोनवर कॉन्टॅक्ट अ‍ॅपच्या सेटिंग्जमधून ‘निर्यात’ निवडा. सगळ्या नंबरांची एकच व्हीसीएफ फाइल तयार होते. ती स्वतःलाच ईमेल करा किंवा ब्लूटूथने पाठवा आणि नव्या फोनवर उघडून खात्यात आयात करा. अँड्रॉइड असो वा आयफोन, ही फाइल दोन्हीकडे उघडते. अवघ्या काही मिनिटांचे काम आहे. नंबरांसाठी मी दुसऱ्या कुठल्याही पद्धतीवर विसंबत नाही.

आयात करताना कुठे साठवायचे असे विचारले जाईल. तिथे ‘फोन’ निवडू नका, खाते निवडा. नाहीतर पुढचा फोन घेताना हाच प्रश्न पुन्हा उभा राहील. आयात दोनदा झाली आणि सगळे दुहेरी दिसू लागले तर हाताने पुसत बसू नका. गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये दुहेरी नोंदी एकत्र करण्याची सोय आहे आणि ३० दिवसांपर्यंतचे बदल मागे घेता येतात.

जागा, बॅटरी, आवृत्ती

नव्या फोनची क्षमता जुन्याएवढीच आहे म्हणजे जागा पुरेल असे नाही. क्षमतेचा मोठा भाग नव्या फोनची प्रणालीच (अँड्रॉइड किंवा आयओएस) घेते आणि आलेला डेटा उलगडायला तात्पुरती जास्तीची जागा लागते. जुन्या फोनवर किती जीबी वापरात आहे ते पाहा, त्यात मेमरी कार्डावरचा डेटा धरा, आणि नव्यावर त्याहून चांगली ऐसपैस जागा मोकळी हवी. जागा संपली की काही अ‍ॅप स्पष्ट सांगतात, काही नुसती अडकतात.

दोन्ही फोन चार्जिंगला लावा आणि बॅटरी सेव्हर बंद करा. तो चालू असला की पडदा बंद होताच फोन मागे चाललेले काम थांबवतो आणि ९९ टक्क्यांवर अडकल्याचे चित्र दिसते. पडदा बंद होण्याची वेळ शक्य तितकी वाढवा. फोन तापत असेल तर कव्हर काढा. तापलेला फोन स्वतःहून वेग कमी करतो आणि चार्जिंगही थांबवतो.

आवृत्तीचा नियम लोकांना माहीत नसतो. जुन्या फोनवर प्रणाली नवी असेल आणि नव्या फोनवर जुनी, तर बॅकअप उतरत नाही. हे अँड्रॉइडलाही लागू आहे आणि आयफोनलाही. खोक्यातून काढलेला फोन कित्येक महिने पडून राहिलेला असू शकतो. आधी त्याचे अपडेट पूर्ण करा, मग डेटा आणा. अपडेटचा पर्याय सेटअपच्या सुरुवातीला आला नाही, तर सेटअप डेटा न घेता पूर्ण करा, अपडेट करा, नवा फोन रीसेट करा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. इथे रीसेट नव्या फोनचा होतो आहे, हे दोनदा वाचून मगच बटण दाबा.

अँड्रॉइडचा बॅकअप खात्यात ठेवून जुना फोन बंद करून ठेवला असेल तर एक मुदत लक्षात घ्या. फोन ५७ दिवस वापरला नाही तर गूगलकडचा त्याचा बॅकअप पुसला जाऊ शकतो. जुना फोन चालू होत असेल तर तो वायफायवर आणून ताजा बॅकअप घेणे सर्वांत सोपे.

फोन एकमेकांना सापडत नसतील तर

दोन फोनांत बिनतारी डेटा पाठवताना एक फोन बहुतेक वेळा स्वतःचे तात्पुरते वायफाय तयार करतो आणि दुसरा त्याला जोडला जातो. या जोडणीला इंटरनेट नसते. आता जुना फोन हुशारी करतो: या वायफायला इंटरनेट नाही असे पाहून तो मोबाइल डेटावर किंवा घरच्या वायफायवर परत जातो, आणि जोडणी तुटते. म्हणून जुन्या फोनवर मोबाइल डेटा बंद करा. वायफाय आपोआप बदलणारी सेटिंग बंद करा. व्हीपीएन असेल तर दोन्हीकडे बंद करा.

ब्लूटूथ आणि लोकेशन मात्र चालू हवे. लोकेशनचा इथे काय संबंध, असे बरेच जण विचारतात. अनेक अँड्रॉइड फोनांत आजूबाजूची वायफाय शोधण्याची परवानगी लोकेशनशी बांधलेली आहे, त्यामुळे ते बंद असेल तर दुसरा फोन शेजारी असूनही दिसत नाही. अ‍ॅपने मागितलेल्या सगळ्या परवानग्या द्या. काम झाल्यावर त्या काढून घेता येतात.

दोन्ही फोन एकाच राउटरवर असावे लागतात अशी पद्धत वापरत असाल, तर पाहुण्यांसाठीचे वेगळे वायफाय किंवा कार्यालयातले वायफाय टाळा. तिथे सुरक्षेसाठी एका यंत्राला दुसरे यंत्र दिसू दिले जात नाही.

कोणते अ‍ॅप वापरायचे याचा साधा नियम: नवा फोन ज्या कंपनीचा, त्या कंपनीचे अ‍ॅप. सॅमसंगचा नवा फोन असेल तर स्मार्ट स्विच, आयफोन असेल तर जुन्या अँड्रॉइडवर मूव्ह टू आयओएस. बाकी कंपन्यांचीही अशी स्वतःची अ‍ॅप असतात. अनोळखी अ‍ॅपना तुमचे सगळे मेसेज आणि फोटो वाचण्याची परवानगी देऊ नका.

केबल

बिनतारी दोनदा अडकले की तिसऱ्यांदा तेच करू नका, केबल घ्या. पण केबलवरही विश्वास टाकण्याआधी तिची परीक्षा करा, कारण काही केबलींत फक्त चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतात. जुना फोन त्या केबलने संगणकाला जोडा, फोन अनलॉक करा आणि सूचनांमध्ये ‘फाइल ट्रान्सफर’ निवडा. संगणकावर फोनचे फोल्डर दिसले तर केबल चांगली. नुसते चार्जिंग झाले तर केबल बदला किंवा फोनच्या खाचेत साचलेला धूळकचरा लाकडी काडीने अलगद काढा. धातूची पिन घालू नका.

चार्जरसोबत येणाऱ्या बहुतेक यूएसबी-सी केबली यूएसबी २च्या वेगाच्या असतात: कागदावर सेकंदाला ४८० मेगाबिट, प्रत्यक्षात सेकंदाला ३० ते ४० मेगाबाइट. म्हणजे १०० जीबीला उत्तम परिस्थितीत पाऊण तास ते तास. हजारो लहान फाइली असतील तर त्याहून बराच जास्त. हा हिशोब माहीत असला की अर्ध्या तासाने ‘अडकले’ म्हणून केबल उपटली जात नाही.

फोटो आणि व्हिडिओ

व्हॉट्सअ‍ॅपमधले फोटो आले नाहीत याचे सर्वांत नेहमीचे कारण असे: गूगल फोटोज मूळ सेटिंगमध्ये फक्त कॅमेऱ्याच्या फोल्डरचा बॅकअप घेते. व्हॉट्सअ‍ॅप, स्क्रीनशॉट, डाउनलोड हे फोल्डर एकेक करून चालू करावे लागतात. जुन्या फोनवर बॅकअपच्या सेटिंगमध्ये डिव्हाइसवरील फोल्डरांची यादी उघडा, हवे ते चालू करा, बॅकअप पूर्ण होऊ द्या.

दुसरे कारण खात्यातली जागा. गूगलकडे फुकट १५ जीबी मिळते आणि त्यात ईमेल, ड्राइव्ह, फोटो सगळे येते. अ‍ॅपलकडे ५ जीबी. ती कधीच भरलेली असते आणि बॅकअप कित्येक महिन्यांपूर्वी गुपचूप थांबलेला असतो. शेवटच्या बॅकअपची तारीख पाहणे ही सवय सगळ्यांनी लावून घ्यावी. नवा आयफोन घेताना अ‍ॅपल बॅकअपपुरती तात्पुरती जास्तीची आयक्लाउड जागा विनाशुल्क देते. सेटिंग्जमध्ये ‘नव्या आयफोनची तयारी’ या अर्थाचा पर्याय असतो, तिथून ती घेता येते. हा बॅकअप २१ दिवस राहतो.

धूसर फोटोंचे कारण वेगळे. जुन्या फोनवर जागा वाचवण्याची सेटिंग चालू असेल तर फोनमध्ये छोट्या प्रतिमाच असतात, मूळ फोटो खात्यात. तुम्ही केबलने फोन रिकामा केला तरी मूळ फोटो त्यात नव्हतेच. ते खात्यातूनच उतरवावे लागतील.

आयफोनचे फोटो विंडोज संगणकावर घेताना मधेच चूक येत असेल, तर आयफोनच्या सेटिंग्जमध्ये फोटोंच्या तळाशी संगणकावर पाठवण्याचा पर्याय आहे. तो ‘आपोआप’ वरून ‘मूळ ठेवा’ वर करा. ‘आपोआप’ वर फोन प्रत्येक फोटो पाठवताना रूपांतर करत असतो आणि तिथेच जोडणी तुटते.

मेमरी कार्ड जुन्यातून काढून नव्यात घालायचे असेल तर आधी जुन्या फोनवर ते एन्क्रिप्ट केलेले आहे का, किंवा फोनच्या अंतर्गत साठवणीचा भाग म्हणून वापरले आहे का ते पाहा. तसे असेल तर ते दुसऱ्या फोनला वाचता येणार नाही, आणि नवा फोन ‘फॉरमॅट करा’ असे सुचवेल. नाही म्हणा. कार्ड जुन्या फोनमध्ये परत घाला आणि तिथूनच फाइली काढा. कार्ड फॅट३२ पद्धतीचे असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल बसत नाही, त्यामुळे लांबलचक व्हिडिओ तिथे अडकतात.

व्हॉट्सअ‍ॅप

लोकांना सर्वांत जास्त धास्ती याची असते आणि सर्वांत जास्त गोंधळही इथेच होतो. फोनचा बॅकअप आणि व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅप स्वतःचा बॅकअप गूगल खात्यात ठेवते, आयफोनवर आयक्लाउडमध्ये, आणि एकीकडचा बॅकअप दुसरीकडे वाचता येत नाही.

‘बॅकअप सापडला नाही’ असे आले तर जुन्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये चॅट्स, मग चॅट बॅकअप उघडा. तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या: शेवटचा बॅकअप कधीचा, कोणत्या गूगल खात्यात, आणि एंड-टू-एंड एन्क्रिप्ट केलेला आहे का. नव्या फोनवर तेच खाते आणि तोच मोबाइल नंबर हवा. दोन्हींपैकी एक जरी वेगळे असेल तरी बॅकअप दिसणार नाही.

बॅकअप परत घेण्याची संधी नंबर पडताळल्यानंतर लगेच येते. ती घाईत वगळली असेल तर नव्या फोनवरून व्हॉट्सअ‍ॅप काढून टाका, खाते बरोबर आहे याची खात्री करा, पुन्हा घाला आणि या वेळी ‘रिस्टोअर’ दाबा. जुन्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप लॉगआउट झाले म्हणून घाबरू नका. चॅट तिथेच आहेत. सिम जुन्या फोनमध्ये घालून नंबर पुन्हा पडताळला की ते दिसतात आणि ताजा बॅकअप घेता येतो. फक्त कोड पुन्हा पुन्हा मागवू नका, प्रत्येक वेळी थांबण्याची मुदत वाढत जाते.

बॅकअप एन्क्रिप्ट केलेला असेल तर पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्ली मागितली जाते. ती हरवली तर व्हॉट्सअ‍ॅपही मदत करू शकत नाही, कारण त्यांच्याकडे ती नसतेच. जुन्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप अजून चालू असेल तर तिथून पासवर्ड बदला आणि नवा बॅकअप घ्या. जुना फोन का जपायचा, त्याचे हे आणखी एक कारण.

अँड्रॉइडवरून अँड्रॉइडवर किंवा आयफोनवरून आयफोनवर जात असाल तर मी बॅकअपच्या वाटेला जातच नाही. २०२३पासून व्हॉट्सअ‍ॅपमध्येच चॅट हस्तांतराची सोय आहे: जुन्या फोनवर सेटिंग्ज, चॅट्स, हस्तांतर, नव्यावर नंबर पडताळून क्यूआर कोड स्कॅन. खात्यातल्या जागेचा प्रश्न येत नाही, आणि माझ्या अनुभवात यात कमी अडचणी येतात.

खात्यातला बॅकअप काही केल्या चालत नसेल तर अँड्रॉइडवर एक शेवटची वाट आहे. व्हॉट्सअ‍ॅप रोज पहाटे २ वाजता फोनमध्येच एक प्रत ठेवते आणि अशा शेवटच्या ७ दिवसांपर्यंतच्या प्रती असतात. फाइल व्यवस्थापकात अँड्रॉइड, त्यात मीडिया, त्यात कॉम.व्हॉट्सअ‍ॅप नावाचे फोल्डर आहे. ते पूर्णच्या पूर्ण संगणकावर उतरवा, नव्या फोनवर त्याच जागी ठेवा, आणि मगच व्हॉट्सअ‍ॅप घालून नंबर पडताळा. फोल्डर आधी आणि पडताळणी नंतर, हा क्रम उलटला तर काही सापडत नाही.

अँड्रॉइडवरून आयफोनवर चॅट न्यायचे तर ते मूव्ह टू आयओएसमधूनच, आणि आयफोन नवा किंवा रीसेट केलेला असताना. नंबर तोच हवा, दोन्ही फोन चार्जिंगला. अँड्रॉइड ‘झाले’ म्हणाले तरी आयफोनवरची पट्टी पूर्ण होईपर्यंत दोघांनाही हात लावू नका. आयफोनवरून अँड्रॉइडवर जाताना केबल लागते आणि तेही नव्या फोनच्या सेटअपच्या वेळीच करायचे असते.

आयफोन सोडून अँड्रॉइडवर जाणाऱ्यांनी सिम काढण्याआधी आयफोनवर आयमेसेज (अ‍ॅपलची स्वतःची मेसेज सेवा) बंद करावे. नाहीतर आयफोन वापरणाऱ्या मित्रांचे मेसेज काही काळ जुन्या फोनकडेच जात राहतात आणि तुम्हाला कळतही नाही.

जे कधीच आपोआप येणार नाही

बँकेची अ‍ॅप मुद्दामच नव्या फोनवर कोरी उघडतात. तुमचा फोन चोरून कुणी त्याची नक्कल केली तर खाते उघडू नये म्हणून ही नोंदणी त्या एका यंत्राला बांधलेली असते. ती नव्याने करायची, दुसरा उपाय शोधायचा नाही.

ओटीपी बनवणाऱ्या अ‍ॅपकडे मात्र आधीच लक्ष द्या. गूगल ऑथेंटिकेटरमध्ये २०२३पासून खात्याशी सिंक करता येते. ते चालू नसेल तर जुन्या फोनवरून ‘खाती हलवा’ निवडून क्यूआर कोडने नव्यावर घ्या. हे न करता जुना फोन रीसेट झाला तर स्वतःच्याच ईमेलबाहेर राहण्याची वेळ येते.

सिग्नल या मेसेज अ‍ॅपचे चॅट त्याच्या स्वतःच्या हस्तांतरातून किंवा बॅकअपमधूनच न्यावे लागतात. टेलिग्रामचे नेहमीचे चॅट लॉगिन करताच दिसतात, पण त्यातले गुप्त चॅट ज्या फोनवर सुरू झाले तिथेच राहतात. सुरक्षित फोल्डरमध्ये लपवलेले फोटो बहुतेक वेळा मागे राहतात, ते आधी बाहेर काढा. खेळ आणि इतर अ‍ॅप रिकामी उघडली तर त्यात लॉगिन करून पाहा. गूगलच्या आपोआप बॅकअपमध्ये एका अ‍ॅपला २५ एमबीपर्यंतच जागा असते, आणि काही अ‍ॅप बॅकअप घेऊच देत नाहीत.

तरीही अडकत असेल: तुकडे करून पाठवा

सगळे एकदम पाठवताना एखादी खराब फाइल पूर्ण काम अडवते, आणि ती कोणती हे पडद्यावर कळत नाही. म्हणून फक्त नंबर आणि मेसेज निवडून पाठवा. ते गेले की फोटो, मग व्हिडिओ, शेवटी अ‍ॅप. ज्या गटात अडकते तिथे खराब फाइल आहे. तो गट संगणकावर फोल्डर-फोल्डर करून उतरवा. जी फाइल कॉपी होताना चूक देते ती वगळा, बाकीच्या नव्या फोनवर घाला. वेळ जातो, पण हमखास उलगडा होतो.

आयफोनवरून आयफोनवर जाताना संगणकावर बॅकअप घेत असाल तर तो एन्क्रिप्ट करण्याचा पर्याय निवडा आणि पासवर्ड लिहून ठेवा. एन्क्रिप्ट न केलेल्या बॅकअपमध्ये साठवलेले पासवर्ड, आरोग्याच्या नोंदी आणि कॉलची यादी येत नाही.

पडदा फुटलेला असेल तर

स्पर्श चालत नाही पण चित्र दिसते, अशा अँड्रॉइडला ओटीजी जोडणीने (फोनच्या खाचेत यूएसबी वस्तू जोडू देणाऱ्या छोट्या अडॅप्टरने) संगणकाचा माउस लावा. अनेक फोनांत बाण उमटतो आणि फोन अनलॉक करता येतो. चित्रही दिसत नसेल तर फोन अनलॉक केल्याशिवाय काहीच निघणार नाही, कारण डेटाची किल्ली तुमच्या पिनला बांधलेली असते. इथे अंदाजाने पिन टाकत बसू नका. काही आयफोनांवर १० चुकीच्या प्रयत्नांनंतर सगळे पुसण्याची सेटिंग चालू असते.

इथे थांबा आणि जाणकाराकडे जा

फोनची पाठ फुगली असेल, पडदा वर उचलला गेला असेल किंवा फोन हातात धरवत नाही इतका तापत असेल, तर तो चार्जिंगवरून काढा आणि डेटाचा विचार बाजूला ठेवा. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते. ती काढणे घरचे काम नाही.

फोन पाण्यात पडला असेल तर चालू करून बघू नका, चार्जिंगला लावू नका. ओल्या फोनमधून वीज वाहिल्याने आतल्या पट्ट्या गंजतात आणि जे वाचले असते तेही जाते. बंद अवस्थेतच दुरुस्ती करणाऱ्याकडे न्या.

फोन कंपनीच्या चिन्हापर्यंत येऊन पुन्हा पुन्हा सुरू होत असेल, किंवा पडदा पूर्ण काळा असेल, तरीही तिथेच थांबा. अशा वेळी बहुतेकदा फोन कायमचा दुरुस्त करण्याची गरज नसते. पडदा किंवा चार्जिंगचा भाग तात्पुरता बदलून तो एकदा अनलॉक झाला तरी डेटा निघतो. देताना स्पष्ट शब्दांत, शक्य तर लिहून सांगा: डेटा हवा आहे, रीसेट किंवा सॉफ्टवेअर नव्याने टाकायचे नाही. अनेक दुरुस्ती केंद्रांत फोन चालू करण्यासाठी सगळे पुसून टाकणे ही पहिली पायरी असते, आणि त्यांच्या दृष्टीने काम झालेले असते. ‘रीसेट केलेल्या फोनमधून सगळे परत आणून देतो’ असे म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. खात्याचा पासवर्ड मागणाऱ्याला पासवर्ड देऊ नका. पिन द्यावाच लागला तर काम झाल्यावर तो बदला.

फोन कार्यालयाने दिलेला असेल किंवा त्यात कामाचे वेगळे प्रोफाइल असेल, तर तो भाग कार्यालयाच्या तंत्रज्ञांकडूनच हलवून घ्या. तो कॉपी होऊ नये अशीच त्याची रचना असते.

जुना फोन कधी पुसायचा

नवा फोन निदान दोन-तीन आठवडे रोज वापरून झाल्यावर. तेवढ्यात काय राहिले ते आपोआप समोर येते: क्वचित लागणारे अ‍ॅप, जुनी नोंदवही, रेकॉर्डिंगचे फोल्डर. मग जुन्या फोनवरून आधी गूगल खाते काढा, आयफोन असेल तर ‘फाइंड माय’ (हरवलेला फोन शोधण्याची सोय) बंद करा, आणि त्यानंतर रीसेट करा. थेट रीसेट केला तर पुढच्या मालकाला तुमच्या खात्याचा पासवर्ड मागत फोन कुलूपबंद राहू शकतो. जुन्या फोनमध्ये ई-सिम (कार्डाशिवाय फोनमध्येच साठवलेले सिम) असेल तर रीसेट करताना तोही पुसायचा का असे विचारले जाते. नव्या फोनवर नेटवर्क आले आहे आणि त्यावरून एक फोन लागून दोन्ही बाजूंचा आवाज ऐकू आला आहे, हे पाहिल्याशिवाय तिथे ‘हो’ दाबू नका.